लोककथा स्टेजवर आणायचीय? मग प्रोजेक्टर सगळ्यात शेवटी

युथ फेस्टिव्हल असो, एकांकिका स्पर्धा असो नाहीतर सोसायटीच्या गणपतीतला कार्यक्रम, मुंबईत 'लोककथा आणि मल्टिमीडिया' म्हणून जे होतं त्यातलं बरंचसं एकाच जागी फसतं. पोरं आधी व्हिज्युअल्स करून बसतात. कोणीतरी वारली ॲनिमेशन बनवून आणतं, कोणीतरी ड्रोनचे शॉट जमवतं, मग त्या मापात गोष्ट कापली जाते, आणि शेवटच्या आठवड्यात संबळवाल्या दादांना बोलावून सांगतात की "दादा, साडेचार मिनिटांचं आहे, तेवढ्यात बसवा." दादा बसवतात बिचारे. प्रयोगात मग पडदा पुढे धावतो आणि माणूस त्याच्या मागे.

म्हणून खालचा क्रम तुम्हाला उलटा वाटला तरी तसाच पाळा: आधी माणूस, मग गोष्टीचा सांगाडा, मग आवाज, मग चित्र. उदाहरणाला मी गोंधळी सांगतात ते जांभूळ आख्यान धरलंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: वनात एक जांभूळ तोडलं जातं, ते नेमकं एका ऋषीचं निघतं, आणि ते परत देठाला लागायचं तर प्रत्येकाने मनातलं खरं बोलायचं. पांडव बोलतात तसं फळ वर चढतं, द्रौपदी लपवते तेव्हा खाली येतं, आणि ती कर्णाचं नाव घेते तेव्हाच ते देठाला चिकटतं. सांगणाऱ्यागणिक तपशील बदलतात, आणि पहिला टप्पा त्याचाच आहे.

टप्पा १ : गोष्ट नको, गोष्टीचं एक सांगणं निवडा

"आम्ही जांभूळ आख्यान करतोय" म्हणजे काहीच ठरलेलं नाही. कोणाचं? पुस्तकातलं, यूट्यूबवर ऐकलेलं, की समोर बसून सांगणाऱ्या एका गोंधळ्याचं? तिन्हीचा वेग वेगळा, विनोदाच्या जागा वेगळ्या, आणि द्रौपदीचं नाव काढायची रीतसुद्धा वेगळी. एक सांगणं पकडा आणि बाकीचे वाचून बाजूला ठेवा. चार ठिकाणचे तुकडे जोडून 'बेस्ट व्हर्जन' करायला जाल तर त्याला ना लय राहते ना बोलीचा बाज.

निवडताना तीन प्रश्न विचारा. कोण सांगतं, कधी सांगतं, समोर कोण बसलेलं असतं. श्रावणातली कहाणी घरातली बाई हातात अक्षता घेऊन सांगते, ऐकणाऱ्याही अक्षता धरून बसतात, ती 'आटपाट नगर होतं' ने सुरू होते आणि 'साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण' ला संपते. तीच कहाणी डफ-तुणतुण्यावर शाहिरी आवाजात टाकली तर ती कहाणी राहत नाही, दुसरंच काहीतरी होतं. होऊ दे, पण ते तुम्ही ठरवून केलेलं असावं, नकळत झालेलं नको.

सावधान, खिचडी करू नका. देशावरचा गोंधळ, मागे वारली चित्रं, मध्ये कोळी नाच आणि शेवटी लावणी, असं सगळं एका गोष्टीत कोंबलेलं मी इतक्यांदा बघितलंय की आता पोस्टरवरूनच कळतं. वारली चित्रांचा तर सगळ्यात जास्त छळ होतो. फुकट मिळणारं क्लिपआर्ट उचलायचं आणि कुठल्याही गोष्टीमागे लावायचं. लग्नातला वारली चौक, ज्याच्यात पालघट देवी असते, तो सुवासिनी काढतात, धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी वारली बाई, गाणी म्हणते, त्याला स्वतःचं काम आहे. तो महाभारतातल्या गोष्टीचा वॉलपेपर नाही. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) मिळालाय, तेव्हा 'सगळ्यांचंच आहे ना ते' हे म्हणणंही जपून.

पुढे जाण्याआधी बघा: 'ही गोष्ट अमुक माणूस, अमुक वेळी, अमुक लोकांसमोर सांगतो' हे वाक्य ग्रुपमधल्या प्रत्येकाला न अडखळता म्हणता येतंय का. नाही म्हणता आलं तर टप्पा १ झालेला नाही.

टप्पा २ : कलाकाराकडे जा, आणि स्क्रिप्ट घरी ठेवून जा

कलाकार कुठे शोधायचे हा प्रश्न मुंबईत खरं तर पडूच नये. कलिन्याला मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी आहे, तिथे चौकशी करा, शिकून बाहेर पडलेली आणि घरातूनच परंपरा आलेली अशी दोन्ही प्रकारची मंडळी तिथून कळतात. लालबाग-परळपासून पार भांडुप, विरारपर्यंत कोकणातल्या लोकांची नमन आणि जाखडीची मंडळं आहेत. दशावतार हवा तर सिंधुदुर्गातल्या कंपन्या चाकरमान्यांसाठी मुंबईत प्रयोगाला येतात. आरे आणि नॅशनल पार्कातल्या पाड्यांवर वारली कुटुंबं राहतात, कोळीवाडे तर शहरभर आहेत. म्हणजे 'गावाला जायला वेळ नाही' ही सबब चालायची नाही.

पण सीझन बघून जा. लग्नसराईत आणि नवरात्रात गोंधळ्याला फोन करून "तालमीला याल का" विचारणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. दशावतारवाले दिवाळीनंतर जत्रा सुरू झाल्या की पाऊस पडेपर्यंत मोकळे नसतात. पावसाळा हा बोलायला, ऐकायला, शिकायला चांगला वेळ.

पहिल्या भेटीत रेकॉर्डिंग करू नका. अख्खं ऐका, दोन तास लागले तरी. गण, मग आवाहन, 'तुळजापूरची भवानी गोंधळाला ये' करत एकेक देव येतो ते सगळं, मग आख्यान, शेवटी आरती. तुम्हाला त्यातलं फक्त आख्यान हवं असतं, पण आवाहनात आवाज कसा तापतो आणि तुणतुणेवाला मध्ये खुसपट कधी काढतो हे कळलं नाही तर आख्यान कुठून सुरू करायचं तेच कळत नाही. दुसऱ्या भेटीला रेकॉर्डर न्या, विचारून. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. फोनवरच करायचं असेल तर फ्लाइट मोडवर टाका. एक माइक तोंडाजवळ, एक लांब, म्हणजे संबळ तडतडला तरी शब्द हातात राहतात.

विचारायचं काय? काय कापलं तर चालेल आणि काय नाही. कुठलं गाणं फक्त देवीसमोरच म्हणतात. चपला कुठे काढायच्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, चौक खरा मांडायचा की नाटकातला. यावर जरा थांबतो, कारण इथे दरवेळी गडबड होते. गोंधळात पाटावर नवं कापड, त्यावर धान्याचा चौक, मध्ये कलश, बाजूला दिवटी अशी मांडणी असते. ही मांडणी तुम्ही खरी केली, म्हणजे कलाकाराने मनापासून पूजा करून मांडली, तर मग तो सेट उरत नाही. ब्लॅकआउटमध्ये चपला घालून पळणारा बॅकस्टेजचा मुलगा त्याला पाय लावणार, दुसऱ्या सीनला तो ढकलून विंगेत न्यावा लागणार, आणि गोंधळी काकांचा चेहरा तिथेच पडणार, मग पुढचं आख्यान कसं होईल ते तुम्हीच ओळखा. खरा असेल तर जागा ठरवा, ती शेवटपर्यंत हलवायची नाही, आणि प्रयोगानंतर तो कलाकारच उचलेल. नाटकातला असेल तर तसं काकांशी आधीच बोलून घ्या आणि मांडणी साधी, खुणेपुरती ठेवा. अर्धवट मधलं काहीतरी करू नका.

बोलतानाचं एक. "काका, हे थोडं एनर्जेटिक करता येईल का" असं म्हणू नका. त्यापेक्षा "काका, तरुण पोरं समोर बसली असली की तुम्ही इथे काय करता?" असं विचारा. त्यांच्याकडे तयार उत्तर असतं आणि ते तुमच्या कल्पनेपेक्षा बरं असतं.

टप्पा ३ : पैसे आणि कागद, तालमीच्या आधी

मानधन म्हणा, बिदागी म्हणा, सुपारी म्हणा, आकडा पहिल्या तालमीच्या आधी ठरला पाहिजे. तालमीचे वेगळे, प्रयोगाचे वेगळे, प्रवास आणि राहणं-जेवण त्याच्यावर. बाहेरगावचा माणूस रात्रीच्या प्रयोगानंतर कुठे झोपणार हे प्रयोगाच्या रात्री ठरवायची गोष्ट नाही.

साध्या मराठीत एक पानाचा करार करा: काय रेकॉर्ड होणार, ते कुठे वापरणार, रील आणि यूट्यूबवर टाकायचं की नाही, किती प्रयोगांसाठी, पोस्टरवर नाव कसं छापायचं. ही काही मेहेरबानी नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलाकाराला त्याच्या सादरीकरणावर ५० वर्षांचा हक्क आहे. पूर्वापार चालत आलेली लोककथा कोणाच्या मालकीची नसते हे बरोबर, पण एखाद्याने ती आपल्या शब्दांत लिहून छापली असेल तर त्या लिहिण्यावर लेखकाच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं हक्क राहतो. ध्वनिमुद्रणावरही प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं.

सावधान, कव्हरवर 'पारंपरिक' छापलंय म्हणून विश्वास ठेवू नका. लग्नात वाजणारी कितीतरी कोळीगीतं लोकांना लोकगीतं वाटतात, पण ती कोणीतरी लिहिलेली, चाल लावलेली, रेकॉर्ड केलेली असतात. गीतकार-संगीतकार शोधा, नाहीतर ते गाणंच सोडा.

सार्वजनिक प्रयोग लावणार असाल तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. आख्यान दरवेळी थोडं बदलतं म्हणून 'लिहिलेलं काहीच नाही' असं करू नका. ठरलेला सांगाडा, पदं, निवेदन आणि पडद्यावर दिसणारा मजकूर असं सगळं लिहून काढा आणि हातात वेळ ठेवून पाठवा.

टप्पा ४ : सांगाडा काढा, मिनिटं मोजू नका

आता रेकॉर्डिंग ऐकत बसायचं आणि कागदावर उतरवायचं. शब्दन् शब्द नाही, जागा उतरवायच्या. जांभूळ आख्यानात ढोबळ जागा अशा: वनात शिरणं, फळ तोडणं, ऋषीचं भय, अट, एकेका पांडवाचं बोलणं, द्रौपदीची टाळाटाळ, फळ खाली येणं, कबुली, फळ देठाला लागणं. प्रत्येक जागेसमोर कमीत कमी आणि जास्तीत जास्त वेळ लिहा. टाळाटाळीचा भाग एका रात्री तीन मिनिटं आणि प्रेक्षक रंगले तर आठ मिनिटं होतो. हे असंच होणार, व्हायलाच पाहिजे. तुणतुणेवाला "मग काय म्हणाली द्रौपदी?" विचारतो, लोक हसतात, काका थांबतात, परत फिरवून विचारतात. ऐकणाऱ्याच्या हुंकारावर चालणारी कला आहे ही. तिला फिक्स लांबीचा व्हिडिओ लावलात की हुंकारच बंद.

म्हणून क्यू, म्हणजे लाइट-आवाज-व्हिडिओ बदलायच्या खुणा, घड्याळावर लावायचे नाहीत, शब्दावर लावायचे. लोककथांमध्ये हे काम आयतं करून ठेवलेलं असतं. कहाणीत 'उतू नको मातू नको, घेतला वसा टाकू नको' आलं की कळतं की आता वळण आलं. भोपळ्यातल्या म्हातारीच्या गोष्टीत 'चल रे भोपळ्या टुणुक टुणुक' दरवेळी येतं, पोरंही सोबत म्हणतात, तोच तुमचा लाइट आणि व्हिडिओचा क्यू. आख्यानात पालुपद परत येतं, संबळ एक ठरलेला तुकडा वाजवून थांबतो. अशा जागांना खुणा करा.

क्यू शीटमध्ये पाच रकाने पुरतात: जागेचं नाव, आधीचा शब्द (तयार राहायला), खुद्द क्यूचा शब्द, काय बदलतं, आणि कलाकार तो शब्द विसरला तर काय करायचं. शेवटचा रकाना सगळे गाळतात, आणि प्रयोगात नेमका तोच लागतो.

इथे तपासा: रेकॉर्डिंगच्या दोन वेगवेगळ्या रात्री लावून ऑपरेटरने नुसत्या टाळीने क्यू देऊन बघावे. दोन्हीकडे बरोबर पडले तर सांगाडा जमला.

टप्पा ५ : आवाज

इथे जरा जास्त वेळ द्या, कारण प्रेक्षक धूसर चित्र सहन करतात, न कळणारे शब्द सहन करत नाहीत.

पहिली चूक क्लिक ट्रॅकची. कानात टिकटिक देऊन गोंधळ्याला ठरलेल्या टेम्पोत गायला लावायचं. संबळाची लय चढत जाते, ती चढलीच पाहिजे. ट्रॅकवर बसवाल तर सगळं लग्नातल्या बँडसारखं सपाट होतं. रेकॉर्डेड साउंड वापरायचाच तर ज्याला ठेका नाही असा वापरा: रातकिडे, वारा, पाण्याचा आवाज, लांबून येणारा घंटानाद.

दुसरी चूक पट्टीची. एडिटरने मस्तपैकी काळी दोनमध्ये ड्रोन, म्हणजे तानपुऱ्यासारखा अखंड सूर, करून आणलेला असतो आणि काकांचा आवाज आज अर्ध्या सुराने खाली लागलेला असतो. काका वर ओढत राहतात, घसा बसतो. ड्रोन हवाच असेल तर तीन पट्ट्यांत करून ठेवा आणि प्रयोगाआधी काकांना गाऊन बघायला सांगून एक निवडा. त्याहून सोपं म्हणजे पेटीवाला लाइव्ह ठेवा, तो काय ते सांभाळून घेतो.

माइक. गोंधळ्याच्या गळ्यात कवड्यांची माळ असते. कॉलरला लावलेल्या माइकवर त्या कवड्या आपटल्या की स्पीकरमधून गारा पडल्यासारखा आवाज येतो, आणि हे सगळ्यांना टेक्निकल तालमीलाच कळतं, कारण तालमीला माळ घातलेली नसते. गालाजवळ येणारा हेडसेट माइक घ्या, वायर मानेच्या मागून, झग्याच्या आतून, आणि ट्रान्समीटर संबळाच्या पट्ट्याखाली येणार नाही असा कमरेच्या दुसऱ्या बाजूला. पगडी किंवा फेटा असेल तर हेडसेट आधी, फेटा नंतर. छोट्या हॉलमध्ये संबळाला माइक लावूच नका, तो गाणाऱ्याच्या माइकमधून हवा तेवढा शिरतोच. झांजवाल्याला गाणाऱ्यापासून दोन पावलं लांब उभं करा. घुंगरू ऐकू यायला हवेत तर स्टेजच्या पुढच्या कडेला जमिनीवर ठेवायचा सपाट माइक असतो तो लावा.

मुंबईची हवा. जून ते सप्टेंबर कातडं ओलं धरतं, संबळ-डफ-हलगी सगळं उतरतं. हलगी शेकायला पूर्वी जाळ करायचे, नाट्यगृहात जाळ करता येत नाही, तेव्हा हेअर ड्रायर बॅगेत ठेवा, लांबूनच फिरवायचा, चिकटवायचा नाही. हॉलचा एसी उलटं करतो, कातडं ओढलं जातं. वाद्यं प्रयोगाच्या तासभर आधी स्टेजवर आणून ठेवा आणि पुन्हा एकदा लावून घ्या.

टप्पा ६ : आता चित्र

पडद्यावर काय दाखवायचं याच्या आधी काय दाखवायचं नाही ते ठरवा. जांभूळ वर जातंय हे सगळ्यांना ॲनिमेट करायचं असतं. करू नका. काका हाताची पाच बोटं मिटून ते वर नेतात, बोटं थरथरवतात, प्रेक्षक त्या हाताकडे बघत असतो, आणि तेवढ्यात मागे जांभळ्या रंगाचा थ्रीडी गोळा उडताना दिसला की काकांच्या हाताला कोणी विचारत नाही. माझा नियम साधा आहे, कलाकार जे हाताने किंवा आवाजाने दाखवतो ते पडद्याने दाखवायचं नाही. पडद्याने जागा दाखवावी, वेळ दाखवावी, नाहीतर जे कोणी बोलत नाही ते दाखवावं. द्रौपदी टाळाटाळ करत असताना झाडाची सावली हळूहळू लांब होत जाते, बस. फळ फक्त अगदी शेवटी, देठाला लागलेलं, स्थिर.

पिंगुळीच्या चित्रकथीसारखी परंपरा घेत असाल तर हेच दुप्पट लागू. तिथे पोथीतलं एक चित्र समोर धरतात आणि ते धरलेलं असतानाच कथा पुढे सरकते. तुम्ही त्या चित्रातल्या राक्षसाचे हातपाय हलवलेत की सांगणाऱ्याला काम उरत नाही. चित्र स्थिर ठेवा, फार तर एका चेहऱ्यापर्यंत सावकाश जा. मूळ चित्रांचे फोटो मालकाला विचारून, फ्लॅश न मारता, सावलीतल्या उजेडात काढा.

व्हिडिओ तुकड्यांत बनवा. प्रत्येक जागेसाठी एक लूप, जो कितीही वेळ फिरला तरी जोड दिसत नाही, आणि दोन लुपांच्या मध्ये एक छोटा बदल. शो चालवायचं सॉफ्टवेअर क्यूलॅब असो की रेझोल्यूम, दोन्हीत हे जमतं: लूप फिरत राहतो, ऑपरेटर शब्द ऐकतो, बटण दाबतो, बदल वाजतो, पुढचा लूप सुरू. एच२६४ फाइल लूप होताना बऱ्याचदा झटका देते, म्हणून फाइल हॅप, प्रोरेस किंवा रेझोल्यूमसाठी डीएक्सव्ही फॉरमॅटमध्ये काढा. सगळं एकाच फ्रेमरेटवर, सेकंदाला २५ फ्रेमवर धरा आणि विसरा.

मराठी मजकूर पडद्यावर येणार असेल तर हमखास होणारा घोटाळा म्हणजे तुटलेली जोडाक्षरं. प्रीमिअर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये टेक्स्ट इंजिन साउथ एशियनवर नसेल तर वेलांट्या आणि रफार भलतीकडे जातात. श्रीलिपी, कृतीदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं दुसऱ्या मशिनवर उघडलं की नुसती चिन्हं. युनिकोडमध्ये टाइप करा, मजकुराच्या पारदर्शक इमेज बनवा, आणि प्रूफ ग्रुपबाहेरच्या माणसाकडून वाचून घ्या. मालवणी किंवा अहिराणी बोलीसाठी सबटायटल देणार असाल तर प्रत्येक ओळीला देऊ नका, विनोदाच्या जागी तर नकोच, नाहीतर लोक वाचून आधीच हसतात.

प्रोजेक्टरचं गणित आधी करा. लेन्सचा थ्रो रेशो म्हणजे अंतर भागिले चित्राची रुंदी. १.५ ची लेन्स आणि ६ मीटर रुंद चित्र असेल तर ९ मीटर अंतर लागतं. मागून प्रोजेक्शन करायला तेवढी खोली आपल्या बहुतेक नाट्यगृहांच्या स्टेजला नसते. ०.८ ची शॉर्ट थ्रो असेल तर ४.८ मीटरमध्ये काम होतं. उजेडाचंही तसंच. ५००० ल्युमेन्सचा प्रोजेक्टर ६ मीटर रुंद चित्रावर चौरस मीटरला जेमतेम अडीचशे ल्युमेन्स देतो, स्टेजचे लाइट सहज त्याच्या वर जातात आणि चित्र धुऊन निघतं. रुंदी ४ मीटर केली की उजेड दुपटीहून जास्त. लहान पडदा घ्या, भाड्याचे पैसे वाचतील आणि माणूसही मोठा दिसेल.

पडदा म्हणून मंगलदास मार्केटमधला पांढरा मांजरपाट चालतो, धुऊन, इस्त्री करून, खालच्या कडेला शिवणीत लाकडी पट्टी घालून ताणलेला. कलाकार पडद्यापासून निदान दोन मीटर पुढे, आणि त्यांच्यावर लाइट बाजूने. समोरून जनरल, म्हणजे सगळीकडे सारखा पडणारा लाइट, मारलात की संपलं.

सावधान, प्रोजेक्टरचा काळा खरा काळा नसतो. ब्लॅकआउटला मागे राखाडी चौकोन चमकत राहतो. शटर असलेला प्रोजेक्टर मागा, नाहीतर लेन्सपुढे पुठ्ठ्याची झडप आणि विंगेपर्यंत दोरा. हसू नका, चालतं.

दिवटी. बंद नाट्यगृहात उघडा जाळ, तोही कापडाच्या पडद्याजवळ, व्यवस्थापनाच्या लेखी परवानगीशिवाय नाही. परवानगी नसेल तर पिवळ्या एलईडीची दिवटी करा, आणि काकांना ती आठवडाभर आधी हातात द्या. वजन वेगळं असतं, हात वेगळा फिरतो.

टप्पा ७ : तालमी

क्रम असा: आधी नुसता कलाकार. मग कलाकार आणि ऑपरेटर, पडद्याशिवाय, ऑपरेटर फक्त 'क्यू' म्हणून ओरडतो. मग आवाज. मग पडदा. ऑपरेटर पहिल्या दिवसापासून बसला पाहिजे, शेवटच्या दोन तालमींना आणलेला एडिटर चालणार नाही, कारण त्याला गोष्ट पाठ नसते, त्याला फक्त फाइल पाठ असते. खरं सांगायचं तर ग्रुपमधला सगळ्यात चांगला कान असलेला माणूस ऑपरेटर करा, सॉफ्टवेअर चार दिवसांत येतं.

एका तालमीत काकांना मुद्दाम सांगा की आज वाटेल तिथे वाढवा, वाटेल तिथे थांबा. आणि एक तालीम पडदा पूर्ण बंद ठेवून करा. पडद्याशिवाय गोष्ट उभी राहत नसेल तर टप्पा ४ ला परत जा, आणखी व्हिज्युअल्स टाकून ते सुधारणार नाही.

टप्पा ८ : थिएटरचा दिवस

मुंबईत नाट्यगृह सत्रांवर मिळतं. तुमच्या आधी कोणाचा तरी प्रयोग असतो, त्यांचा सेट निघेपर्यंत तुमच्या हातात फार वेळ उरत नाही. म्हणून आधी एकदा जाऊन टेप घेऊन मोजून या, प्लग कुठे आहेत बघा, फोटो काढा. त्या दिवशीचा क्रम: पडदा टांगणं, प्रोजेक्टर जागेवर आणणं आणि फोकस, मग लाइट, मग साउंड चेक, सगळ्यात शेवटी वाद्यं लावणं. साउंड चेक काकांच्या पूर्ण वेशात, माळेसकट.

लांब एचडीएमआय केबल दहा-पंधरा मीटरच्या पुढे दगा देते. मागच्या बूथपासून ओढत आणण्यापेक्षा एसडीआय किंवा कॅट सिक्स केबलवरचा एक्सटेंडर घ्या, नाहीतर लॅपटॉप विंगेत ठेवा, तिथून काकांचे ओठही दिसतात. लॅपटॉपवर अपडेट बंद, नोटिफिकेशन बंद, स्लीप बंद, वायफाय बंद, चार्जर लावलेला. द्रौपदी कबुली देतेय आणि वर व्हॉट्सॲपवर 'बाबू जेवलास का' झळकतंय, असं होऊ नये. दुसऱ्या लॅपटॉपवर तोच शो उघडून ठेवा.

उघड्या मैदानावर करत असाल तर लाउडस्पीकर रात्री १० ला बंद, त्या हिशोबाने सुरुवात ठरवा, आवाहन कापून वेळ भरून काढू नका. आणि पडदा सूर्य मावळल्यावर अर्ध्या तासाने लावा, त्याआधी काही दिसत नाही.

तिसरी घंटा होण्याआधी एवढं बघा: हेडसेटची बॅटरी नवी, पहिला लूप फिरतोय पण शटर बंद, ऑपरेटरपुढे क्यू शीट आणि टॉर्च, चौकाजवळून जाणाऱ्यांच्या पायात चपला नाहीत.

आणि प्रयोगात पडदा बंद पडला तर? काही करू नका. लाइट जरा वाढवा आणि काकांना चालू ठेवू द्या. प्रोजेक्टर रिस्टार्ट करायला कोणी स्टेजवर धावत जायचं नाही. तो चालू झालाच तर मधल्याच एखाद्या लूपवर नको, पुढच्या क्यूवर आत घ्या.

संपल्यावर चौक काका उचलतील, तोपर्यंत पडदा सोडायचा नाही. राहिलेले पैसे त्याच रात्री द्या. रेकॉर्डिंगची पूर्ण कॉपी पेन ड्राइव्हवर त्यांच्या हातात द्या, लिंक पाठवतो म्हणू नका. आणि क्यू शीटवर त्या रात्री जिथे जिथे काकांनी नवीन काही घातलं तिथे लगेच पेन्सिलने लिहून ठेवा, पुढच्या प्रयोगाला ते परत येण्याची शक्यता बरीच असते.